न शिवता कळणारी धग

बालमित्रांनो, आई तव्यावर भाकरी टाकण्यापूर्वी पाण्याचे चार थेंब शिंपडते. थेंब चुरचुरले की तवा तापला! गावाकडचा लोहार लोखंडाचा रंग पाहून ओळखतो की घाव घालायची वेळ झाली. दोघेही तापलेल्या वस्तूला हात न लावता तिची धग ओळखतात. हेच काम वर्कशॉपमध्ये एक छोटे यंत्र करते. शुवैखच्या गॅरेजमध्ये, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत किंवा एसी दुरुस्तीच्या कामावर तुमच्या बाबांच्या हातात तुम्ही ते पाहिले असेल. दिसायला पिस्तुलासारखे, घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. त्याचे नाव इन्फ्रारेड थर्मामीटर, आपल्या मराठीत अवरक्त तापमापक.

ठिपका तापमान मोजतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो लेझरचा ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. मोजमाप होते ते वस्तूकडून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे. प्रत्येक वस्तू, अगदी बर्फसुद्धा, असे अवरक्त किरण बाहेर टाकते. वस्तू जितकी गरम, तितके किरण जास्त. हे किरण शोधले विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला! उष्णता नीट शोषली जावी म्हणून त्यांनी तापमापकांचे फुगे काळे केले होते. हा काळा रंग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता पालकांसाठी मुद्द्याची गोष्ट. बाजारात अशी यंत्रे पुष्कळ मिळतात. दुकानदार सांगतो, "साहेब, हे पाचशे अंशांपर्यंत मोजते." पण कुवेतमध्ये टिकाऊ यंत्र निवडताना आधी वेगळाच प्रश्न विचारावा : हे यंत्र स्वतः किती उष्णता सोसते?

चांगल्या कंपन्यांच्या यंत्रांच्या माहितीपत्रकातही बहुधा लिहिलेले असते की सभोवतालची हवा ० ते ५० अंश सेल्सियस असेपर्यंतच यंत्र वापरावे. युरोपात ही मर्यादा पुरेशी आहे. आपल्याकडे २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि तेही सावलीतले! म्हणजे समोरचा पाईप किती तापला हे सांगणारे यंत्र स्वतःच मर्यादेबाहेर जाऊ शकते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर सत्तर अंशांच्या वर सहज जाते. यंत्र नुसते ठेवण्याची मर्यादासुद्धा अनेकदा साठच असते. म्हणून पहिला नियम : यंत्र गाडीत विसरू नये.

दुसरा प्रश्न धुळीचा. डब्यावर "आयपी ५४" असा शिक्का असतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडत नाही, ६ म्हणजे धूळ आत जातच नाही. ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात. धुळीच्या वादळांच्या या देशात ५४ पेक्षा कमी घेऊ नये. शिवाय यंत्र किती उंचीवरून पडले तरी चालते तेही पाहावे. काही यंत्रे तीन मीटरवरून पाडून तपासलेली असतात. शिडीवर चढून काम करणाऱ्याला याचे मोल कळेल.

तिसरा प्रश्न अंतराचा. यंत्रावर "१२:१" असे काही लिहिलेले असते. अर्थ असा की १२० सेंटीमीटरवरून यंत्र १० सेंटीमीटर रुंदीचे वर्तुळ पाहते आणि त्या सगळ्या वर्तुळाची सरासरी सांगते. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण हातात शीतच यायला हवे. ५ सेंटीमीटरचे बेअरिंग १२० सेंटीमीटरवरून मोजले तर मागची थंड भिंतही हिशेबात येते आणि तापलेले बेअरिंग ठीक असल्याचे वाटते. तेच ३० सेंटीमीटरवरून मोजले तर वर्तुळ अडीच सेंटीमीटरचे होते आणि उत्तर खरे येते. ज्यांना जवळ जाता येत नाही, त्यांनी मोठ्या आकड्याचे यंत्र घ्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण इथे हात भाजतात. काळ्या, खरबरीत किंवा रंग दिलेल्या वस्तू आपले किरण मोकळेपणी बाहेर टाकतात. चकचकीत धातू मात्र फारच थोडे टाकतो आणि आरशासारखा सभोवतालचेच किरण परत पाठवतो. चाळीस अंशांच्या शेडमध्ये चकचकीत पाईप दीडशे अंशांवर असला, तरी साधे यंत्र साठीच्या आसपास आकडा दाखवू शकते. त्यावर विसंबून कोणी हात टेकला तर? उपाय सोपा आहे. मशीन थंड असतानाच पाईपवर काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा किंवा उष्णता सोसणारी काळी पट्टी चिकटवावी, आणि नेम तिथेच धरावा. हर्शेल यांच्या काळ्या फुग्यांची आठवण झाली ना? यंत्रात पृष्ठभागानुसार बदलता येणारा आकडा असेल तर आणखी चांगले.

यंत्र टिकवण्याचीही काही पथ्ये आहेत. एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर अर्धा तास थांबावे. ऑगस्टच्या दमट हवेत चष्म्यावर वाफ धरते, तशी यंत्राच्या भिंगावरही धरते. भिंगावरची धूळ रबरी फुग्याने फुंकावी, मग ओल्या कापसाने हलकेच टिपावे. सदऱ्याच्या बाहीने पुसले तर वाळूचे कण भिंगावर ओरखडे काढतात. थिनर, पेट्रोल लावू नये. सुट्टीत गावी जाताना सेल काढून ठेवावेत.

आणखी एक. २०२० साली मॉलच्या दारात कपाळासमोर धरायचे ती यंत्रे वेगळी. ती माणसाच्या तापापुरतीच असतात. वर्कशॉपचे यंत्र एक-दोन अंश इकडेतिकडे दाखवू शकते. पाईपसाठी ते ठीक, पण बाळाचा ताप त्याने मोजू नये.

मुलांनो, आता एक प्रयोग. शुक्रवारी बाबांना घरी असताना हा करून दाखवायला सांगा. वाडगाभर बर्फाचा चुरा करून त्यात थोडे पाणी घाला आणि ढवळा. यंत्र जवळ आणून वरून नेम धरा. आकडा शून्याच्या एक-दोन अंश आसपास आला तर यंत्र बरोबर. मग गरम पाण्याने भरलेले स्टीलचे भांडे बाहेरून मोजा. त्याच भांड्यावर काळी पट्टी लावून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरक का पडला ते पुढच्या वर्गात आपल्या शब्दांत सांगा. मात्र लेझर कुणाच्याही डोळ्यांवर धरायचा नाही, स्वतःच्यासुद्धा नाही. आणि पाण्याचे भांडे मोठ्यांनीच उचलायचे!