केडगावचा भरवसा

पंडिता रमाबाईंची गोष्ट मराठी मनात बहुधा १८९३ मध्ये संपते. कलकत्त्याने दिलेली 'सरस्वती' ही पदवी, विलायतेतला बाप्तिस्मा, मुंबईत चौपाटीजवळ उघडलेले शारदा सदन, मग मुलींच्या धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात उठलेले वादळ, 'केसरी'तली टीका, रानडे-भांडारकरांचे राजीनामे. इथवरचे सगळे आपल्याला पाठ असते. त्यापुढची जवळजवळ तीस वर्षे 'नंतर त्या केडगावला गेल्या' एवढ्या एका वाक्यात उरकली जातात. मला मात्र हीच वर्षे फार काळापासून अस्वस्थ करत आली आहेत. सोळाव्या वर्षी जिने देवावर विसंबलेले आपले घर उपासमारीने संपताना पाहिले, तिने चाळिशीत शेकडो आणि पुढे दोन हजारांच्या आसपास पोरक्या जिवांचे जेवण पुन्हा देवाच्याच भरवशावर कसे टाकले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना हाती लागलेला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात लिहिलेले इंग्रजीतले छोटे निवेदन. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची हकिकत सांगण्यासाठी त्या लिहायला बसल्या आणि आधी स्वतःचाच दुष्काळ सांगू लागल्या.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चालतेबोलते पुराणपठण होते. तीर्थोतीर्थी हिंडायचे, देवळात बसून पुराण वाचायचे, जे मिळेल त्यातले बरेचसे दानधर्मात घालायचे. मद्रास इलाख्यात दुष्काळ वाढत गेला तसे या कुटुंबाने अधिकच व्रते केली, अधिकच दाने दिली. दागिने गेले, भांडी गेली, शेवटचे नाणेही गेले. भीक मागण्याची लाज वाटत होती आणि अंगमेहनतीचे काम कुणालाच येत नव्हते. सगळे शिक्षण संस्कृतचे. हे शेवटचे रमाबाईंनी फार स्पष्टपणे लिहिले आहे, आणि त्या लिखाणातला मला सर्वांत बोचणारा भाग तोच आहे. त्यांचा ठपका देवावर नाही. हातांना काम न शिकवणाऱ्या मोठेपणावर आहे.

मग रानातले दिवस येतात. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. वृद्ध, दृष्टी गेलेले वडील जलसमाधी घ्यायला निघाले. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवासशास्त्री पुढे झाला. आईवडिलांवरच्या प्रेमापुढे जातीचा अभिमान आपण विसरलो आहोत, आता मजुरी करून त्यांना पोसू, असे तो म्हणाला. वैदिक ब्राह्मणाच्या मुलाने १८७४ मध्ये हे म्हणावे! रमाबाईंच्या चरित्रांत या भावाला फार तर एक परिच्छेद मिळतो. माझ्या मते केडगावच्या सगळ्या उद्योगशाळांची पायाभरणी त्याच्या त्या एका बोलण्यात झाली.

मजुरीचा उपयोग व्हायला उशीर झाला होता. वडील गेले, काही आठवड्यांतच आई गेली. आईचा देह उचलायला दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा श्रीनिवास. चौथा खांदा रमाबाईंचा, पण उंची कमी, म्हणून तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले. पुढे बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलमच्या काठी थडग्यासारखे खड्डे खणून अंगावर कोरडी वाळू ओढून झोपली. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री ढाक्याला वारले.

मरणापूर्वी वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितले होते की, तुला मी देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची, जन्मभर त्याचीच सेवा कर. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी हे सांगणे कधी टाकून दिले नाही. वडिलांना खरा देव माहीत नव्हता, पण त्यांची प्रार्थना खऱ्या देवाने ऐकली, असे त्या मानत. अनंतशास्त्र्यांना हा अर्थ सोसला नसता. तरीही या एका धाग्यामुळे रमाबाईंचा भरवसा मला आयात माल वाटत नाही. तो घरातूनच आला होता. बदलला तो देव, आणि त्याहून जास्त बदलली ती भरवसा ठेवण्याची रीत.

ही रीत त्यांनी पाहिली ती ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्रात. चायना इनलँड मिशनचा इतिहास आणि जॉन पेटन यांचे चरित्रही त्यांनी त्याच सुमारास वाचले. म्यूलर मूळचे प्रशियातले. त्यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टलला पहिले अनाथगृह उघडले आणि पुढे ऍशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठी घरे उभारली. १८९८ मध्ये ते वारले तोवर दहा हजारांवर मुले तिथून गेली होती. नेम एकच: पैसा कुणा माणसाकडे मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त देवाला सांगायची.

भाविक चरित्रकार इथे ऐन न्याहारीच्या वेळी दारात थांबलेल्या दुधाच्या गाडीची गोष्ट सांगतात. मला म्यूलर यांचे हिशेब जास्त मोठे वाटतात. आलेली प्रत्येक रक्कम ते नोंदवत. देणाऱ्याचे नाव छापत नसत, पण वार्षिक अहवालात रक्कम अशी छापत की देणाऱ्याला स्वतःची देणगी ओळखता यावी. आता अहवाल छापणे म्हणजे आडवळणाने मागणेच नव्हे का? ही शंका त्यांच्या हयातीतच घेतली गेली. १८४१ च्या अखेरीस तिजोरीत खडखडाट असताना वार्षिक सभा आणि अहवाल यांची वेळ आली. म्यूलर यांनी दोन्ही मुद्दाम पुढे ढकलले, कारण त्या दिवसांत परिस्थिती उघड सांगणे म्हणजे हात पसरणे झाले असते. शंकेचे पूर्ण निरसन यातून होत नाही. पण या माणसाने स्वतःचा नेम कुठे तुटू शकतो ते नेमके ओळखले होते, आणि तिथे किंमत मोजली होती.

हे वाचून रमाबाईंना प्रश्न पडला: हिंदुस्थानात असे का होऊ नये? इथला भरवसा परदेशातल्या मंडळांच्या वार्षिक रकमेवरच का चालावा? त्यांचे स्वतःचे शारदा सदन तसेच चालले होते. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांची मदत कबूल केली होती, आणि दशक संपत आले होते. तेव्हा त्यांनी काय केले? प्रार्थना केली आणि पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे.

१८९६ च्या लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यातली हकिकत त्यांनीच लिहिली आहे. पहाटे रानात एकांतात बसून त्यांनी श्रद्धेत आलेल्या आपल्या मुली मोजल्या. पंधरा भरल्या. पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे त्यांनी मागितले, आणि मागताच स्वतःच बिचकल्या. इतक्या मुलींना ठेवायचे कुठे, घालायचे काय? तेवढ्यात यिर्मयाच्या पुस्तकातले, प्रभूला काहीच अवघड नाही अशा अर्थाचे वचन समोर आले आणि त्यांनी ते धरून ठेवले.

वर्ग पूर्ण व्हायला दुष्काळ यावा लागला, ही गोष्ट मला आजही सुखाने वाचता येत नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात उपासमार पसरली. रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अन्नछावण्यांत तरुण बायकांची काय विटंबना होते, मुली पळवायला कोण टपलेले असते, हे त्यांनी पाहिले आणि न भिता लिहिले. सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, एवढा जमाव शहरात ठेवायला मनाई. मग बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उठल्या. तेच मुक्ती मिशन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे केडगावची खरी कमाई दिसते. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुलाई, छापखाना. विहिरी खणल्या गेल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी ब्रेल शिकवणारे बार्तिमी सदन. शारदा सदनात ब्राह्मण मुलींना आपले सोवळे पाळायची मुभा होती. मुक्तीत कुठल्याही जातीची मुलगी पिठात हात घाली आणि तेच सगळ्या जेवत. अनंतशास्त्र्यांच्या घरात जे कुणालाच येत नव्हते, ते इथे प्रत्येकीला शिकावे लागे.

मागण्याचा नेम रमाबाईंनी म्यूलर यांच्याइतका कडक पाळला, असे मी म्हणणार नाही. १८९८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, बोलल्या, आणि शारदा सदनासाठी बॉस्टनला नवे मंडळ उभे राहिले. मुक्तीला मात्र कुठल्याही पंथाचे वा मंडळाचे ठरावीक अनुदान नव्हते. 'मुक्ती प्रेअर बेल' हे त्यांचे पत्रक गरजा आणि पावत्या परदेशी वाचकांपर्यंत नेत असे, आणि दोन हजार पोरींची बातमी हीच हाक असते. मला त्यात खोट दिसत नाही. देव माणसांच्या हातूनच देतो, असे मानणाऱ्या बाईने माणसांना खबर देणे स्वाभाविक होते.

खोट मला दुसरीकडे दिसते, आणि ती लपवावीशी वाटत नाही. उपाशी मुलीला भाकरी देणाऱ्या हाताचा धर्म आवडणारच. तिच्या होकाराला स्वतंत्र होकार म्हणता येत नाही. सदनाच्या वादात रमाबाईंवर झालेले बरेच आरोप दुष्ट होते, पण हा प्रश्न दुष्ट नव्हता, आणि मुक्तीत तो अधिकच टोकदार झाला. त्यांचे उत्तर सरळ होते: मला जे सर्वांत मौल्यवान मिळाले ते या मुलींपासून मी लपवू कसे? त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्या पोरींना निवडीची मोकळीक किती होती, याबद्दल आहे. आणि त्याच वेळी, त्या छावण्यांतून त्यांना उचलायला आपल्यातले किती जण गेले होते, हेही विचारावे लागते.

विश्वासावर चालणाऱ्या संस्थेची परीक्षा संस्थापकानंतर होते. रमाबाईंनी लेक मनोरमा हिला तयार केले होते. ती जुलै १९२१ मध्ये गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत एकहाती अख्खे बायबल उतरवत होत्या. टाइप जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीच्याच मुली. ते काम थांबले नाही. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. मुक्ती मिशन आजही त्याच जमिनीवर चालू आहे.