हातातली यंत्रं – ९ : फोन असताना प्लेअर कशाला?

मागच्या भागात ब्लूटूथ स्पीकर पाहिले. आज त्यांचीच भावंडं, म्हणजे खिशात किंवा पिशवीत मावणारे गाण्यांचे आणि व्हिडिओचे प्लेअर. खरं तर या धंद्याचं तेरावं कधीच उरकलं असं मोठ्या कंपन्या धरून चालल्या होत्या. अ‍ॅपलने २००१ साली ५ जीबीचा, हजार गाण्यांचा आयपॉड काढला आणि मे २०२२ मध्ये आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोननेच तो गिळला. तरीही पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात गेलात, तर कव्हर आणि चार्जरच्या गर्दीत बटणांचे छोटे प्लेअर मांडलेले दिसतात. कुणीतरी घेतंय म्हणूनच ते मांडलेले असतात.

कोण घेतं, हे पाहायला पेणजवळच्या हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात डोकवावं. आषाढ-श्रावणात तिथे रात्री उशिरापर्यंत काम चालतं. एकाचे दोन्ही हात शाडूने माखलेले, दुसरा आखणीला बसलेला. डोळ्यांची रेघ ओढताना कुंचला खाली ठेवून फोनचं कुलूप उघडायची सोय नसते. टचस्क्रीनला बोटाच्या त्वचेचा विद्युत परिणाम जाणवावा लागतो. वाळलेल्या मातीचा थर मध्ये आला की तो जाणवत नाही, आणि बोट ओलं असलं की भलतंच काहीतरी दाबलं जातं. बटण मात्र कोपरानेही दाबता येतं. शिवाय फोन वाजला की गाणं थांबतं, आणि सीझनमध्ये गिऱ्हाइकांचे फोन थांबत नाहीत. प्लेअर खिळ्याला टांगला की विषय संपला.

हीच गोष्ट सारेगामा या गाण्यांच्या कंपनीने वेगळ्या गिऱ्हाइकासाठी हेरली. २०१७ साली त्यांनी कारवां आणला. जुन्या रेडिओसारखं रूप, आत ५००० हिंदी गाणी आधीच भरलेली, इंटरनेटची गरज नाही. पुढे मराठी कारवांही आला. आजोबांना अ‍ॅप शिकवण्यापेक्षा पेटी देणं सोपं, हा हिशेब अचूक ठरला. पण एक लक्षात घ्या. पेटीतली गाणी त्या कंपनीच्या, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्या खजिन्यातली आहेत. पेणकडच्या हळदीला वाजणारी नवी आगरी-कोळी गाणी तिथे शोधू नका; ती बहुतेक छोट्या निर्मात्यांची असतात आणि यूट्यूबवर येतात. त्यामुळे आपल्याकडे पेन ड्राइव्हची खाच भरलेल्या गाण्यांइतकीच महत्त्वाची.

स्वस्त प्लेअरमध्ये सगळी मदार मेमरी कार्डावर असते. गणित सोपं आहे. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी-थ्री गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. पाच मिनिटांचं गाणं ५ एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सहा हजारांच्या आसपास गाणी. एवढी ऐकून व्हायची नाहीत, तरी लोक १२८ जीबीचं कार्ड आणतात आणि प्लेअर ते वाचतच नाही. कारण ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट नावाच्या पद्धतीने मांडलेली येतात आणि स्वस्त चिपला फक्त जुनी फॅट-३२ कळते. दोष कार्डाचाही नाही, प्लेअरचाही नाही.

दोष असतो तो ‘५१२ जीबी, फक्त दोनशे रुपये’ अशा कार्डात. आत प्रत्यक्षात ८ जीबीची चिप, पण कार्डाचा कंट्रोलर फोनला खोटा आकडा सांगतो. जागा संपली की नवं जुन्यावर लिहिलं जातं किंवा हवेत विरतं. यादीत गाण्याचं नाव दिसतं, वाजत मात्र नाही. कार्ड काठोकाठ भरून शेवटची फाइल वाजवून बघा, आणि मग सगळ्यात आधी भरलेलीही. त्याआधी बिल फाडू नका.

आता व्हिडिओ. उघडझाप करणारा पडदा, डीव्हीडीची चकती, पेन ड्राइव्ह, गेमचा रिमोट आणि वर अँटेना, असा ‘ईव्हीडी’ लिहिलेला चिनी प्लेअर तुम्ही पाहिला असेल. खोक्यावरचे इंच पडद्याच्या काचेपेक्षा मोठे असू शकतात, फूटपट्टी न्या. अँटेना पाहून तर भुलूच नका. आतला टीव्ही अनेकदा अ‍ॅनालॉग असतो आणि दूरदर्शनने आपली अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली. त्या दांडीला पकडायला काही उरलेलं नाही. दुसरी अडचण घरगुती. मुलीच्या हळदीचं फोनवर काढलेलं शूटिंग लावलं की ‘नॉट सपोर्टेड’ येतं. आजचे फोन व्हिडिओ नव्या पद्धतीने दाबून साठवतात आणि प्लेअरची चिप जुन्या पद्धतीच उलगडते. संगणकावर फाइल एव्हीआय किंवा एमपीईजीत बदलून, आकार कमी करून घेतली की चालते.

दुसऱ्या टोकाला सोनीचे महागडे वॉकमन आहेत. दर्जा निर्विवाद. पण तो जाणवायला तशीच तारेची हेडफोन्स लागतात, आणि धडधडत्या दिवा-रोहा गाडीत तर तो फरक चाकांखालीच जातो.

रोह्याच्या वाचकांसाठी एक इशारा. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत ज्वलनशील वाफा असण्याची शक्यता असलेल्या भागात फोन चालत नाही, म्हणून कुणी प्लेअर नेतो. तोही चालत नाही. हरकत बॅटरी आणि ठिणगीला आहे, सिमकार्डाला नव्हे.

घेताना मागचं झाकण उघडून बघा. आत बीएल-५सी बॅटरी असेल तर उत्तम. जुन्या नोकियाची ती बॅटरी आजही गल्लीत मिळते आणि नखाने बदलता येते. बॅटरी डाखाने जोडलेली असेल तर ती गेली की बहुतेक यंत्रही गेलंच. टाइप-सी खाच असूनही नव्या फोनच्या सी-टू-सी केबलने प्लेअर चार्ज होत नसेल, तर बनवणाऱ्याने दोन बारीक रेझिस्टर वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी यूएसबी चार्जरची केबल लावा, होईल. ते रेझिस्टर नेमकं काय करतात, हे पुढच्या आठवड्यात चार्जरच्या भागात.