खाणीत खनिजाचे ढीग का लावतात? 'टाकाऊ' माती अचानक मौल्यवान कशी होते?

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून जाताना लाल मातीच्या टेकड्या दिसतात. त्यातल्या काही नैसर्गिक नाहीत, खाणींनी उभ्या केल्या आहेत. त्यांना 'डंप' म्हणतात. यात काय असतं आणि त्यावरून वाद का होतात, हे समजून घेऊ.

सगळं खनिज सारखं नसतं

लोहखनिजाची किंमत मुख्यतः त्यात लोह किती टक्के आहे यावर ठरते. यालाच खनिजाची 'प्रत' किंवा ग्रेड म्हणतात. एकाच खाणीत एका कोपऱ्यात 62 टक्के लोह मिळतं, तर थोड्याच अंतरावर 50 टक्के. खरेदीदाराला मात्र प्रत्येक जहाजात ठरलेल्या प्रतीचाच माल हवा असतो. प्रत कमी भरली तर पैसे कापले जातात.

म्हणून खाणीत वेगवेगळ्या प्रतीचे वेगवेगळे ढीग, म्हणजेच स्टॉकपाइल, लावतात. समजा मागणी 58 टक्क्यांची आहे. 62 टक्क्यांचा एक ट्रक आणि 56 टक्क्यांचे दोन ट्रक मिसळले की सरासरी बरोबर 58 येते. म्हणजे एरवी कमी भावात गेलेला मालही नीट खपतो आणि खाणीचं आयुष्य वाढतं.

ढिगाचा दुसरा उपयोग वेळेसाठी होतो. गोव्यात पावसाळ्यात उत्खनन जवळपास थांबतं. आधीच काढलेला माल हाताशी असेल, तर खाण बंद असतानाही पुरवठ्याचं नियोजन करता येतं.

मग 'टाकाऊ' काय?

एका ठरावीक प्रतीच्या खालचं खनिज विकणं परवडत नाही. या सीमेला 'कट-ऑफ ग्रेड' म्हणतात. ही सीमा कायमची नसते. भाव वाढला किंवा खनिज धुऊन लोहाचं प्रमाण वाढवण्याचं तंत्र स्वस्त झालं, की ती खाली सरकते.

गोव्यात नेमकं हेच घडलं. अनेक वर्षं जपान हा मोठा ग्राहक होता आणि हलक्या प्रतीचं खनिज डंपमध्ये जायचं. 2000 नंतरच्या दशकात चीनची मागणी प्रचंड वाढली. तिथले कारखाने हलकं खनिजही घेऊ लागले आणि जुने डंप विकण्याजोगे झाले.

म्हणूनच चांगल्या नियोजनात मधल्या प्रतीचं खनिज निव्वळ मातीत मिसळत नाहीत. ते वेगळं ठेवतात आणि नमुने तपासून प्रत नोंदवतात. एकदा सगळं एकत्र झालं की वेगळं करायला पुन्हा खर्च येतो.

ढीग ठेवण्याची किंमत

ढीग फुकट राहत नाही. माल दोनदा उचलावा लागतो, जागा अडते आणि पैसे अडकून पडतात. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड काढावे लागतात, त्यामुळे जागेचा प्रश्न मोठा आहे. उतार नीट बांधले नाहीत, तर मुसळधार पावसात गाळ ओढ्यांत आणि खालच्या शेतांत उतरतो.

कायदा काय म्हणतो?

21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींवर वर्षाला 2 कोटी टन उत्खननाची तात्पुरती मर्यादा घातली. लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकता येणार नाही, असंही स्पष्ट केलं. आधीच काढून ठेवलेल्या खनिजाचा न्यायालयाच्या देखरेखीखाली ई-लिलाव झाला.

आधी कचरा समजून लीजबाहेर टाकलेल्या मातीला भाव आला, की ती कुणाची, तिच्यावर रॉयल्टी किती आणि ती हलवायची परवानगी कुणाची, हे प्रश्न उभे राहतात. त्यामुळे ढीग कुठे लावला, त्यात किती टन आणि कोणत्या प्रतीचा माल आहे, याची पहिल्या दिवसापासूनची नोंद कंपनीला जितकी उपयोगी, तितकीच सरकारला आणि ढिगाखाली शेत असलेल्या गावाला गरजेची आहे.