मुंबई ते लंडन : विमानाचे अंतर आणि आंब्याचा हिशेब

कोकणचा हापूस आंबा विमानाने लंडनला जातो, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्या प्रवासास किती वेळ लागतो व तो कसा मोजावा, याची स्पष्ट कल्पना थोड्यांनाच असते. निर्यातीसाठी माल देणाऱ्या बागाईतदाराने हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

अंतर. मुंबई व लंडन येथील विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ ओढली, तर तो खरा जवळचा मार्ग नव्हे. कारण पृथ्वी गोल आहे. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे झुकून कॅस्पियन समुद्रावरून गेलेला दिसेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग सभेत अवश्य करून दाखवावा.

वेळ. प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने आठ तास पुरावेत. प्रत्यक्षात नऊ ते दहा तास किंवा त्याहूनही अधिक लागतात. चढण्या-उतरण्यात वेळ जातो, काही देशांवरील आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो आणि उंचावरील जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना समोरून येतात. परतीच्या प्रवासात तेच वारे साह्य करतात. म्हणून येताना वेळ कमी लागतो.

घड्याळ. आंब्याच्या हंगामात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेचार तास असते. दुपारी २ वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी उतरले, तर तेथे सायंकाळचे ७ वाजलेले असतात. घड्याळावर पाचच तास गेलेले दिसतात. परंतु फळ घड्याळ पाहून पिकत नाही. त्याच्या दृष्टीने साडेनऊ तासच गेलेले असतात.

खरा विलंब कोठे होतो? सुएझमार्गे जहाजाला तीन-चार आठवडे लागतात. त्यामानाने विमानाचे दहा तास काहीच नव्हेत. परंतु तोडणी, प्रतवारी, रत्नागिरीहून मुंबईपर्यंतची वाहतूक, उष्णजल प्रक्रिया, तपासणी आणि विमानतळावरील प्रतीक्षा यांत कित्येक पटींनी अधिक वेळ जातो. विमानाचा वेग वाढविणे आपल्या हाती नाही. हा वेळ वाचविणे मात्र पुष्कळ अंशी आहे. यासाठी :

१. विमानाची वेळ आधी विचारून घ्यावी व तीवरून मागे मोजत तोडणीचा दिवस ठरवावा.
२. पूर्ण वाढलेली, परंतु न पिकलेली फळे सकाळच्या गारव्यात देठासह उतरवावी.
३. फळे उन्हात ठेवू नयेत. शक्य तितक्या लवकर थंड करावी.
४. प्रक्रिया व तपासणी यांत मात्र काटकसर करू नये.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. मालात फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली होती. ब्रिटन तेव्हा त्या संघात असल्याने लंडनचा बाजारही बंद झाला. ही बंदी २०१५ च्या आरंभी उठविण्यात आली. काही तास वाचविण्याच्या घाईत संपूर्ण हंगाम गमावणे कोणाही बागाईतदारास परवडणारे नाही.