पादुआच्या कचेरीची आठशे वर्षं

इटलीतल्या पादुआ शहरात राजा नव्हता, कारभार नागरिकांच्याच हाती होता. त्यांनी १२१८ मध्ये कचेरी बांधायला घेतली: वर न्यायालय, खाली दुकानं. नाव पालाझ्झो देल्ला राजोने, म्हणजे न्यायाचा वाडा. गावकरी म्हणतात नुसतं ‘सलोने’. वरचं दालन सुमारे ८१ मीटर लांब, २७ मीटर रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. पालथ्या घातलेल्या गलबतासारखं छप्पर १३०६ मध्ये फ्रा जोव्हान्नी या साधूने चढवलं.

माझा जीव मात्र तिथल्या एका काळ्या दगडात अडकला आहे. पूर्वी देणं थकलेल्या माणसाला तुरुंगात डांबत. १२३१ च्या मार्चमध्ये संत अँथनींनी रदबदली केली आणि कायदा बदलला. (गोव्यात शिवोलीचं चर्च यांच्याच नावाचं.) असेल नसेल ते सावकारांच्या हवाली केलं की तुरुंग टळायचा. पुढे त्याला एक विधी जोडला गेला. अंगात फक्त सदरा आणि चड्डी, समोर निदान शंभर माणसं. अशा अवस्थेत कर्जदाराने या दगडावर तीनदा बूड आपटायचं, ‘मालमत्ता सोडली’ असं म्हणायचं आणि गाव सोडायचं. लाज जायची, पण हातपाय मोकळे राहायचे. त्या काळाच्या मानाने ही मोठीच दया होती, असं मी मानतो.

१४२० च्या आगीत चित्रकार जोत्तोची म्हणून सांगितली जाणारी चित्रं गेली. मग राशी, ग्रह आणि महिन्यामहिन्याची कामं दाखवत भिंती नव्याने रंगल्या. १७५६ मध्ये वावटळीने छप्परच उचललं. ते पुन्हा उभारणारा बार्तोलोमेओ फेर्राचिना मूळचा घड्याळं करणारा! १७९७ मध्ये पादुआवर तोवर अंमल असलेलं व्हेनिसचं राज्य बुडालं आणि न्यायालयही उठलं. आता वर प्रदर्शनं भरतात, लोक तिकीट काढून चित्रं पाहतात. २०२१ पासून ही चित्रं जागतिक वारशात आहेत.

खाली मात्र अजून मांस, चीज विकलं जातं, बाहेरच्या चौकात भाजी. एका कमानीखाली धान्य, पीठ, विटा, कापड यांची मापं पांढऱ्या दगडात कोरलेली आहेत. व्यापाऱ्याच्या मापात पाप आहे असं वाटलं, तर गिऱ्हाइकाला वर कज्जा न्यायच्या आधी तिथेच ताडून पाहता यायचं.