आधी आवड की आधी संधी? ब्राउन विद्यापीठातल्या मुलींच्या आइस हॉकीची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला विचारलं, की अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मुली बर्फावर हॉकी खेळतात, त्याचा इतिहास आपण कशाला ऐकायचा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देतो. ‘मुलींना खेळाची आवडच कमी असते’ हे वाक्य आपण शाळेत, कॉलेजात, घरातही ऐकलेलं असतं. हेच वाक्य पुढे एका नामवंत विद्यापीठाने भर कोर्टात मांडलं. त्या विद्यापीठाचं नाव ब्राउन. आणि गंमत अशी, की अमेरिकेतला मुलींचा पहिला कॉलेज आइस हॉकी संघ उभा राहिला तो याच ब्राउनच्या आवारात. तेव्हा आज आपण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत.

आधी थोडं खेळाबद्दल बोलू, कारण हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येतं. आइस हॉकी बंदिस्त बर्फावर खेळतात. त्याला रिंक म्हणतात. पायात स्केट्स असतात, हातात स्टिक असते आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. एका वेळी एका बाजूचे सहा जण, गोलरक्षक धरून. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका असतो, की खेळाडू मिनिटभरात दमतात आणि सारखे बदलावे लागतात. म्हणून सहा जणांच्या खेळाला वीसेक जणांचा संघ लागतो. शिवाय अंगभर संरक्षक साहित्य लागतं. आणि मुख्य म्हणजे बर्फ लागतो, जो चोवीस तास गोठवून ठेवावा लागतो. दोरी आणि चेंडू घेऊन कुठल्याही पटांगणात सुरू करता येईल असा हा खेळ नाही. रिंक एकच असतो आणि त्याचे तास मोजके असतात. ते तास कुणाला मिळणार, हा प्रश्न शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

आता १९६४ सालात जाऊ. स्थळ आहे ऱ्होड आयलंड राज्यातलं प्रॉव्हिडन्स शहर. त्या काळी ब्राउन मुलांचं होतं आणि मुलींसाठी त्याला जोडून पेम्ब्रोक नावाचं वेगळं कॉलेज होतं. ब्राउनच्या मुलांच्या हॉकी संघाचे प्रशिक्षक होते जिम फुलर्टन. पेम्ब्रोकमध्ये नॅन्सी शेफेलिन नावाची विद्यार्थिनी होती, तिला हॉकी चांगली येत होती. फुलर्टननी तिला गळ घातली, की तू आमच्या सरावाला ये. ती आली, पण कशी? हेल्मेटपासून पॅडपर्यंत सगळं अंगावर चढवून, ओळखू येणार नाही अशा बेताने! अमेरिकेतली पहिली कॉलेज महिला हॉकीपटू म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे या इतिहासातला पहिला सराव वेश बदलून झालेला आहे.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या शरद ऋतूत, पेम्ब्रोकच्या मुलींनी स्वतःचा संघ काढला. नाव ठेवलं ‘पेम्ब्रोक पँडाज’. साहित्य उसनं आणलं. नवीन गणवेशासाठी घरी केलेले केक-बिस्किटं विकून पैसे उभे केले. आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये पहिला सामना खेळला. तोही दुसऱ्या कॉलेजशी नाही, तर वॉलपोल ब्रूम्स नावाच्या क्लबशी. कारण दुसऱ्या कॉलेजात मुलींचा संघच नव्हता. पहिलं असण्याची ही एक अडचण असते: खेळायचं कुणाशी?

इथे जरा थांबू. संघ असणं आणि कार्यक्रम असणं, यात फरक आहे. अमेरिकेत विद्यापीठाच्या संदर्भात ‘प्रोग्रॅम’ म्हणतात, त्यात पगारी प्रशिक्षक येतो, ठरलेला बर्फाचा वेळ येतो, प्रवासखर्च येतो, वर्षाचं सामन्यांचं वेळापत्रक येतं आणि जिंकायला एखादी स्पर्धा येते. संघ चार उत्साही मुली उभा करू शकतात. पण त्या चौघी पदवी घेऊन गेल्या की तो मोडू शकतो. कार्यक्रम मोडत नाही, कारण तो संस्थेच्या अंदाजपत्रकात असतो. पँडाज हा संघ होता. त्याचा कार्यक्रम व्हायला वेळ लागला, आणि त्यात एका कायद्याचा मोठा वाटा आहे.

१९७१ मध्ये पेम्ब्रोक ब्राउनमध्ये विलीन झालं. आणि २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली, त्यातलं एक कलम ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखलं जातं. मूळ कलम इंग्रजीत फक्त ३७ शब्दांचं आहे आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पण खेळ हा शिक्षणसंस्थेचा भाग, म्हणून तो आपोआप त्यात आला. ब्राउनने पुढच्या पाच-सहा वर्षांत मुलींचे बरेच संघ सुरू केले. कॉर्नेलसारख्या इतर विद्यापीठांतही मुली बर्फावर उतरल्या आणि १९७६ मध्ये आयव्ही लीगची, म्हणजे पूर्वेकडच्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाची, मुलींची हॉकी स्पर्धा सुरू झाली. पँडाजना दहा वर्षांपूर्वी जो प्रतिस्पर्धी मिळत नव्हता, तो आता मिळाला.

पण राष्ट्रीय पातळीवर काय? अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. तिने मुलांच्या आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली १९४८ मध्ये. मुलींची? २००१ मध्ये. मधे त्रेपन्न वर्षं गेली. तोपर्यंत कितीतरी मुली चार वर्षं खेळून, पदवी घेऊन निघूनही गेल्या.

आता गोष्टीचा दुसरा भाग. १९९१ मध्ये ब्राउनने खर्च वाचवण्यासाठी चार संघांचा निधी काढून घेतला. त्यात मुलींचे दोन होते, जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल. मुलांचे दोन, गोल्फ आणि वॉटर पोलो. दोनाला दोन, म्हणजे बरोबरी झाली असं वरवर वाटेल. पण मुलींच्या दोन संघांतून वर्षाला सुमारे ६२ हजार डॉलर वाचणार होते आणि मुलांच्या दोन संघांतून सुमारे १६ हजार. हे संघ बंद केले नव्हते बरं का. त्यांना सांगितलं गेलं, की खेळा, पण पैसे तुमचे तुम्ही उभे करा. आता तुम्हाला १९६५ चे केक-बिस्किटं आठवले असतील. पंचवीस वर्षांनी त्याच आवारातल्या मुलींना पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं जात होतं.

जिम्नॅस्टिक्स खेळणारी एमी कोहेन आणि तिच्या सहकारी मुली १९९२ मध्ये कोर्टात गेल्या. हा ‘कोहेन विरुद्ध ब्राउन’ खटला. विद्यापीठात तेव्हा मुली जवळपास ४८ टक्के होत्या, पण अधिकृत संघांतल्या खेळाडूंमध्ये ३७ टक्क्यांच्या आसपास.

कायद्याचं पालन होतंय हे दाखवायला संस्थेपुढे तीन वाटा असतात. एक, खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांमधल्या प्रमाणाइतकं असणं. दोन, मुलींच्या संधी वाढवत नेण्याचा इतिहास असणं, आणि तो आजही चालू असणं. तीन, ज्यांना आवड आणि कुवत आहे त्या मुलींची पूर्ण सोय झालेली असणं. तिन्हींपैकी एक वाट पुरते.

ब्राउनला वाटलं, दुसरी वाट आपलीच आहे. आम्ही सत्तरच्या दशकात किती संघ काढले बघा! कोर्ट म्हणालं, काढलेत, मान्य. पण ते सत्तरच्या दशकात. त्यानंतर वाढ जवळजवळ थांबली. कायदा ‘चालू’ प्रगती मागतो, जुनी पुण्याई चालत नाही. मग ब्राउनने तो युक्तिवाद केला, ज्याने मी आजच्या बोलण्याची सुरुवात केली: मुलींना मुलांइतकी आवड नसते, मग संधीही तितक्या कशाला? अपील कोर्टाने नोव्हेंबर १९९६ मध्ये हे फेटाळलं. त्याचं म्हणणं साध्या शब्दांत असं: आवड आणि कुवत पोकळीत वाढत नाहीत. संधी आणि अनुभव मिळाला की त्या वाढतात. संधी कमी देऊन निर्माण झालेली कमी आवड हेच जर कारण म्हणून मान्य केलं, तर अन्याय स्वतःचाच पुरावा तयार करत राहील. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि १९९८ मध्ये करार झाला, की खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थिनींच्या प्रमाणाच्या साडेतीन टक्के-बिंदूंच्या आत ठेवायचं.

कोर्टाचं हे म्हणणं खरं की खोटं, हे तपासायला ब्राउनच्या हॉकीकडेच बघा. १९८९ पासून तिथे डिजिट मर्फी प्रशिक्षक होत्या. त्या स्वतः कॉर्नेलमध्ये खेळलेल्या, म्हणजे सत्तरच्या दशकात उघडलेल्या दारातून आलेल्या. त्यांच्या हाताखाली केटी किंग आणि टॅरा माउन्सी खेळल्या. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये महिला आइस हॉकी पहिल्यांदा आली, अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ असं हरवलं, आणि त्या सुवर्णपदक विजेत्या संघात या दोघी होत्या. केटी किंग पुढे बोस्टन कॉलेजच्या मुलींच्या प्रशिक्षक झाल्या. मर्फींनी किंगना शिकवलं, किंग आणखी कुणाला शिकवतायत. ‘आवड’ अशी एकीकडून दुसरीकडे जाते. त्यासाठी कार्यक्रम टिकावा लागतो.

आता तुम्ही विचाराल, की मग ब्राउन राष्ट्रीय विजेते झाले का? नाही झाले. १९९८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात न्यू हॅम्पशायरकडून ४-१ हरले. २००० मध्ये मिनेसोटाकडून ४-२. २००२ मध्ये, एनसीएएच्या दुसऱ्याच स्पर्धेत, मिनेसोटा डुलुथकडून ३-२. तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी मध्य-पश्चिमेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांनी मुलींची हॉकी सुरू केली. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती देतच नाहीत. २००१ ते २०१३ अशी सलग तेरा विजेतेपदं मिनेसोटा, मिनेसोटा डुलुथ आणि विस्कॉन्सिन या तिघांतच वाटली गेली.

या विद्यापीठांना एकदम मुलींच्या हॉकीचं प्रेम का आलं? त्यांच्याकडे अमेरिकन फुटबॉलचे प्रचंड मोठे संघ असतात, सगळी मुलं. तो तोल साधायला मुलींचे संघ हवेत आणि हॉकीच्या संघात वीस-पंचवीस जणी मावतात. प्रमाणाचा आग्रह कोर्टात पक्का झाला तो ब्राउनच्या मुलींच्या खटल्यात. म्हणजे ब्राउनच्या मुली कोर्टात जिंकल्या, त्याचा फायदा ब्राउनला रिंकवर हरवणाऱ्या मुलींनाही झाला. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. १९६६ मध्ये पँडाजना प्रतिस्पर्धी हवे होते. ते मिळाले, आणि चांगले तगडे मिळाले.

(श्रोत्यांमधून प्रश्न: तो करार अजून चालू आहे का?)

चांगला प्रश्न. नाही. २०२० मध्ये ब्राउनने पुन्हा बऱ्याच संघांना कात्री लावली, आणि जुना खटला पुन्हा उभा राहिला. तडजोडीत मुलींची घोडेस्वारी आणि तलवारबाजी परत मिळाली, पण करार २०२४ मध्ये संपेल असंही ठरलं, आणि तो संपला. कायदा अर्थातच आहे. पण लक्ष ठेवणारी ती खास चौकट आता नाही. मुलींच्या हॉकीला धक्का लागलेला नाही. मात्र कोर्टाने जे सांगितलं तेच इथे पुन्हा लागू पडतं, की काल काय केलंत यावर आजचं भागत नाही.

जाता जाता एक गृहपाठ देतो. तुमच्या शाळेत, कॉलेजात किंवा वस्तीत एक मैदान असेल. संध्याकाळी पाच ते सातपर्यंत तिथे कोण असतं, हे आठवडाभर नुसतं बघा. आणि मग ‘मुली खेळायला येतच नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना आधी ते वेळापत्रक दाखवा.