'थ्रो अप' आणि 'बोलून बसणे'

आम्ही महबूलात राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. लेकीच्या शाळेतून फोन आला, "युअर डॉटर हॅज थ्रोन अप." थ्रो म्हणजे फेकणे, अप म्हणजे वर. मी घाईने म्हटलं, "सॉरी मॅडम, पुन्हा नाही फेकणार ती," आणि फोन ठेवला. तिला उलटी झाली होती, हे दुसरा फोन आल्यावर कळलं. तोवर तासभर लेक माझी वाट पाहत बसली होती. आज ती ही गोष्ट हसून सांगते. मला मात्र अजून हसू येत नाही.

तुमच्याही घरी असं काही घडलं असेल. दोन्ही शब्द ओळखीचे, पण जोडीने आले की अनोळखी. अशा जोडीला इंग्रजीत 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. लोगन पिअरसल स्मिथ यांनी १९२५ साली 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात हे नाव वापरलं. ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

पाठांतर करू नका. आधी शब्दशः चित्र डोळ्यांपुढे आणा. 'टेक ऑफ' म्हणजे अंगावरचा कोट काढणे. विमान 'टेक ऑफ' करतं म्हणजे जमीन सोडतं. धंदा 'टेक ऑफ' करतो, तोही जमीन सोडूनच! 'ब्रेक डाउन' झालं की गाडी बंद पडते, माणूस कोसळतो. आपल्याकडेही भिंत कोसळते आणि माणूसही कोसळतोच ना?

कधी चित्र सापडत नाही. 'ईट अप' मध्ये वर काहीच जात नाही. ताटातलं सगळं संपव, एवढंच. पण आपणही मुलांना "खाऊन टाक" म्हणतो, तेव्हा कोण काय टाकतं? तिथे 'अप' जे काम करतो, तेच इथे 'टाक' करतो.

मुलांनो, आता तुमची पाळी. आजी फोनवर म्हणाली, "रागाच्या भरात मी नको ते बोलून बसले." लेकीने विचारलं, "उभं राहून का नाही बोललीस?" त्या 'बसले' मध्ये आजीचा पस्तावा होता. तो लेकीला ऐकूच आला नाही.

म्हणून या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा मुलांकडून एक 'अप' शिका आणि त्यांना एक 'टाकणे', एक 'बसणे' शिकवा. कुणाचं चुकलं तर हसा, पण नंतर समजावूनही सांगा.